आयव्हरी शीट, १२ तडे आणि कागदाचा भुगा

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी घरातलं शीट काढून स्वतः रंगवून बघायचं होतं. तुम्ही लिहिलंय, की माझा परवडणाऱ्या कार्डस्टॉकवरचा, म्हणजे कार्डं बनवायच्या जाड कागदावरचा लेख वाचून तुम्ही ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) तीन मोठी आयव्हरी शीट आणली, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची ३० निमंत्रणं केली. वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) फिरवताच कागदाचा भुगा निघाला आणि १२ कार्डांना घडीवर तडे गेले. चार पैसे वाचवायला नवख्यांना असले सल्ले देऊ नका, सरळ ११० पाउंडचा परदेशी कार्डस्टॉक घ्यायला सांगा, असंही म्हणालात.

भुग्याचा दोष माझा. "स्टॅम्पिंग आणि रंगकामाला उत्तम" असं मी सरसकट लिहून टाकलं होतं. स्टॅम्पिंगचं, म्हणजे शाईचे ठसे उमटवण्याचं खरं आहे. आयव्हरी गुळगुळीत असते, बारीक अक्षरंही रेखीव उठतात. पाण्याचं मात्र तसं नाही. मी एक गुलाबाची पाकळी रंगवून पाहिली. पहिला हात छान बसला, दुसऱ्या हाताला रंग डागाळला, तिसऱ्याला ब्रशच्या टोकाशी गुलाबी वळ्या गोळा झाल्या. हे लिहिण्याआधी करायला हवं होतं. तुमची मेहनत वाया गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

तडे मात्र कागद स्वस्त होता म्हणून गेले नाहीत. १२ हा आकडा वाचला आणि मी हिशोब मांडला. २२ × २८ इंची शीटमधून नीट आखलं तर पाच ए-फोर निघतात, तीन एका दिशेने आणि दोन त्यांच्या काटकोनात. तीन शीटचे १५ ए-फोर, म्हणजे ३० कार्डं. त्यातले काटकोनातले सहा, त्यांची कार्डं बरोबर १२!

यंत्रावर कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक करून एकाच दिशेने बसतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घडी घातली तर कागद मुकाट्याने वळतो, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडीची कड फाटल्यासारखी दिसते. काटकोनातल्या त्या १२ कार्डांचं तेच झालं. ओळखायला सोपं आहे. शीट दोन्ही हातांत धरून न मोडता हलकेच वाकवा, आधी उभं, मग आडवं. ज्या बाजूने कमी जोर लागेल, घडी तिकडूनच. आणि ३०० जीएसएमला रेघ मारल्याशिवाय घडी घालूच नये. मी स्टीलची पट्टी आणि संपलेली रिफिल वापरते. रेघेमुळे मागच्या बाजूला उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. बरेच जण नेमकं उलटं करतात.

राहिला पाउंडांचा मुद्दा. अमेरिकेत कागदाचं वजन ५०० शीटच्या गठ्ठ्यावरून सांगतात आणि प्रत्येक प्रकाराच्या शीटचं मूळ माप वेगळं असतं. त्यामुळे ११० पाउंडचा 'इंडेक्स' साधारण १९९ जीएसएम भरतो आणि ८० पाउंडचा 'कव्हर' २१६. आकडा मोठा, कागद पातळ! तुमची आयव्हरी या दोन्हींपेक्षा जाड आहे. परदेशी कागद वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण आतल्या मजकुराच्या पानासाठीही तोच हवा, हे मला पटत नाही.

घडीचं मूळ कार्ड आयव्हरीचंच ठेवा आणि पाण्याचं काम वेगळ्या कागदावर करून तो तुकडा कार्डावर चिकटवा. वॉटरकलर पेपरच्या एका ए-फोरमधून ९.५ × १३.८ सेंटिमीटरचे चार तुकडे पडतात, म्हणजे आठ कागदांत तुमची तिसाच्या तीस कार्डं होतील. फार खरखरीत पोत नको, स्टॅम्प तुटक उठतो. स्टॅम्पखाली पातळ फोम शीट ठेवा आणि शाई वॉटरप्रूफ असू द्या, नाहीतर ब्रश लागताच काळी रेघ पाकळीत उतरेल.

केलेली कार्डं टाकू नका. १८ शाबूत कार्डांवर नवे तुकडे चिकटवले की भुगा झाकला जाईल. तडे गेलेली १२ घडीवर कापून एकेरी करा, त्यांच्यावरही तोच तुकडा लावा आणि मजकूर मागे लिहा. चिकटवल्यावर रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा, म्हणजे कडा उचलणार नाहीत. वाढदिवस किती दिवसांवर आला आहे ते कळवा. वेळ कमी असेल तर तुकडे मी कापून पाठवते.