माझे पाव किलो गुलाब वैकुंठात गेले

गेल्या गुरुवारी माझे पाव किलो गुलाब वैकुंठात गेले. घरी सगळे खुशाल आहेत, काळजी नको. गुलकंद करायचा होता, बाकी काही नाही.

चैत्राचं ऊन बघितलं आणि मला हुक्की आली. पाकळ्या, खडीसाखर, थरावर थर आणि बरणी उन्हात, यात न जमण्यासारखं काय आहे? आता आमच्या गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी कायम गावाला, ती रड वेगळी. गॅलरीत ऊन येतं ते सकाळी अर्धा तास, तेही समोरच्या टॉवरनं उरलंसुरलं सोडलं तर. फ्लॅट घेताना मात्र ईस्ट फेसिंगचे म्हणून जास्तीचे पैसे मोजले होते.

पण गाडी अडली ती फुलांपाशीच. जाल तिथे डच गुलाब. मावळातल्या पॉलीहाऊसमधला, लांब दांड्याचा, डोक्याला जाळीची टोपी घातलेला. नाक खुपसून वास घेतला तर फ्रिजचा वास येतो. गुलकंदाला लागतो गावठी, फिक्या गुलाबी रंगाचा, हातात धरला की पाकळ्या गळायला लागतात तो. तो हल्ली मिळाला तर हारवाल्यांकडे, सुटा, वजनावर. म्हणून मंडईच्या मागे एका हारवाल्या मावशींकडे गेले. त्यांनी मान वर न करताच विचारलं,

"लग्न का मयत?"

"खायला," मी म्हणाले.

मावशींनी सुई खाली ठेवली. "फवारलेली असतात ओ ताई ही! पोटाला काही झालं तर माझ्या नावानं बोंब माराल." बाई बोलल्या ते शंभर टक्के खरं, पण चार गिऱ्हाइकांसमोर एवढ्या मोठ्यांदा? शेवटी टोपलीच्या तळातून त्यांनी एक वेगळी पिशवी काढली, शेजारणीच्या परसातले आहेत म्हणाल्या, यावर काही मारत नाहीत. भरले पाव किलो. ८० रुपये दिले.

इथेच घरी आले असते तर हा लेख झाला नसता.

"गुलकंद का?" मागून आवाज. साठीचे एक काका, हातात हेल्मेट, खांद्यावर नॅपकिन. "प्रमाण?"

"एकास दोन."

"खडीसाखर ना? भरड कुटा, पीठ नको. आणि पाकळ्या धुतल्यात तर पंख्याखाली सुकवा, एक थेंब राहिला की बुरशी आलीच म्हणून समजा. काचेची बरणी, तोंडाला दादरा. मग साखर पाकळ्यांचं पाणी ओढते आणि त्यातच विरघळते, आपण नुसतं हलवायचं आणि कळ काढायची. वीस दिवस तरी. आमच्या वहिनी महिनाभर ठेवायच्या."

"वहिनी चांगला करायच्या वाटतं?"

"चांगला? अहो, कुणाचं तोंड आलं की लोक वाटी घेऊन दारात उभे! पेठेत नाव होतं."

"आता नाही करत?" माझं आपलं सहज.

काकांनी समोर टांगलेल्या तयार हाराकडे बोट केलं. "त्यांच्यासाठीच न्यायला आलोय. पंच्याऐंशीच्या होत्या. साडेअकराला काढायचंय."

अकरा पस्तीस झाले होते.

अशा वेळी चेहरा कसा करायचा असतो मला खरंच कळत नाही. मी "अरेरे" म्हणाले, तर काका म्हणाले, "वेलची मात्र त्या अगदी शेवटी घालायच्या." फोन वाजला. "आलोच रे, हाराला वेळ लागतोय." हार टांगलेला होता. परत फोन. "बांधतायत, बांधतायत." मग म्हणे गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर, शब्द फारसी, पण तो कंद मुळात आपल्याच संस्कृतातला खंड, तिकडे जाऊन परत आलेला. इकडे वहिनी तिरडीवर खोळंबलेल्या आणि मी मूर्खासारखी "हो का?" म्हणतेय.

तेवढ्यात मावशी बोलल्या, "वर टाकायला सुटी फुलं द्यायची का? गावठी संपला पण. या ताईंनी नेला."

सगळ्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. काकांनी मागितली नाही हां, हे मला मुद्दाम सांगायचंय. ते फक्त म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तुम्ही गुलकंद करताय, वहिनींना बरंच वाटलं असतं."

एवढं ऐकून पिशवी घेऊन घरी जाणारा माणूस मला दाखवा. मी पुढे केली आणि त्यांनी इतक्या चटकन घेतली की माझा हात हवेतच राहिला. ८० रुपयांचा विषय कुणीच काढला नाही. काका घाईत, मावशी परत सुईत दोरा ओवायला लागलेल्या, आणि मयताच्या माणसाकडे पैसे मागायची काही रीत आहे का? नाहीये. पण मग मला रोज आठवतात ते का?

सूनबाई म्हणते बाटली आणा की. आणली होती. काळा चिकट गोळा, लेबलवर साखर आधी आणि गुलाब मागून. माझ्यातही साखर दुप्पटच पडणार होती, मान्य, पण पाकळी दाताखाली तरी आली असती.

जाता जाता काकांनी माझा नंबर घेतला. वहिनींच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, पानाचा फोटो पाठवतो म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मेसेज येतो. गुड मॉर्निंग, खाली दवबिंदूवाला लाल गुलाब, डच. घरात सुतक आहे, पण गुड मॉर्निंगला ते लागू नसावं. वहीचं पान अजून नाही. आत्ता आठवण करणं बरं दिसत नाही, तेरावा मंगळवारी आहे. कॅलेंडरवर खूण करून ठेवलीये.