पोच

"पोलिसांवर तुम्हाला वाचवायची कायदेशीर जबाबदारीच नाही," असं ठणकावणारं एक रील गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. लगेच 'बघा, मी म्हणत नव्हतो?' सुरू. निकाल अमेरिकेचा आहे हे कुणी पाहिलंच नाही. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावातल्या एका बाईकडे नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम होता. १९९९ मध्ये तो तिन्ही मुलींना घेऊन गेला. ती रात्रभर पोलिसांच्या मागे लागली होती; पहाटे मुली मेलेल्याच सापडल्या. २००५ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, हुकूम बजावून घेण्याचा घटनात्मक हक्क तुम्हाला नाही.

आपल्याकडे कायदा असा नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, होण्यापूर्वी पोलिसाने कुवतीप्रमाणे तो रोखलाच पाहिजे, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ सांगतं. म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४९. मोर्चाच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांच्या घरी ज्याची नोटीस यायची, तेच! नोटीस द्यायला हे कलम बरोबर आठवतं, एवढंच.

पण कर्तव्य चुकलं तर भरून कोण देणार? १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं जप्त केलं. मालखान्यातून ते हेड कॉन्स्टेबलने लांबवलं आणि तो पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे सरकारचं सार्वभौम काम, भरपाई नाही. पुढे कोठडीतल्या मृत्यूंसाठी भरपाई मिळू लागली, पण 'बोलावलं आणि आला नाहीत' याची भरपाई मागायला गेलात तर चपला झिजतील. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी अडवलं. चौकीत हजर नसल्याबद्दल तिघा पोलिसांचं निलंबन नंतर झालं. नंतर.

मागच्या वर्षी आतेबहिणीला घेऊन मी एका चौकीत गेलो होतो. घटस्फोट झालेला नवरा तिच्या ऑफिसखाली उभा राहायचा, घरापर्यंत मागे यायचा. हवालदार म्हणाले, "ताई, अजून काही केलं का त्यांनी?" मग, "ऑफिस रस्त्याच्या पलीकडे ना? ती आमची हद्द नाही." शेवटी, "एनसी घेऊन टाकू." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद; पाठलाग दखलपात्र आहे, त्यात ती चालत नाही. आणि दखलपात्र गुन्हा नोंदवावाच लागतो. तसं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल २०१३चा आहे, आणि हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची, हे आता नव्या संहितेतच आहे. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, वकील आहात का?"

"नाही साहेब, बँकेतून रिटायर."

माणूस वाईट नव्हता. सकाळपासून बंदोबस्तात उभा होता, टेबलावर चहाचा कागदी कप तसाच. त्याच्यावर माझा रागही नाही. पण त्याच्या मर्जीवर बहिणीची सुरक्षितता सोडायला मी तयार नव्हतो. म्हणून अर्ज दोन प्रतींत लिहून नेला होता, दुसरीवर पोच मागितली. ते नाराज झाले. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला नाराज चेहऱ्याची सवय असते. शिक्का कोरडा होता, त्यावर तोंडाची वाफ घालून त्यांनी तो दाबला. खाली तारीख, सही.

त्याच संध्याकाळी 'त्या' माणसाला चौकीतून फोन गेला. तो ऑफिसखाली परत दिसला नाही. फोन पोचेमुळे गेला की हवालदारांना वाटलं म्हणून, देव जाणे.

बहिणीने ती प्रत लॅमिनेट करून घेतलीय. पर्समध्ये असते.