संशयास्पद हालचाल

परवा रात्री एका ॲपने मला मान डावीकडे वळवायला लावली. मग उजवीकडे, मग वर. मी माणूस आहे का, हे त्याला बघायचं होतं म्हणे. तोंडाला बेसनाचा लेप असतानाही मी इमानेइतबारे मान वळवली. निकाल आला, ‘संशयास्पद हालचाल. खाते तात्पुरते बंद.’

गुन्हा एवढाच, की एक दंतवैद्य, एक ढोल-ताशा पथक आणि एक मोदकवाल्या काकू यांची त्या ॲपवरची खाती मी घरच्या एकाच वायफायवरून चालवते. (पैसे तिघंही उशिरा देतात, ते जाऊ दे.) भाचा म्हणाला, “मावशी, मोबाइल प्रॉक्सी घे. म्हणजे तुझं इंटरनेट दुसऱ्याच कुणाच्या फोनमधून जाईल.” म्हणून तापकीर गल्लीत एका पोटमाळ्यावर चढले.

तिथे फळीवर तडे गेलेले जुने फोन ओळीने मांडलेले, प्रत्येकात सिम, आणि सगळ्यांवर एक टेबलफॅन सोडलेला. मालक स्वतः घामाने निथळत होते.

“हा जरा तापट आहे,” एका फोनवरून हात फिरवत ते म्हणाले. मग त्याचा एअरप्लेन मोड चालू केला, बंद केला. “झाला पुनर्जन्म! नवा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा नवा पत्ता. मागच्या जन्मीचं पाप इथवर येत नाही.”

“पण मोबाइलच्या आयपीवर ॲपला संशय कसा येत नाही?”

“मॅडम, जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. माणसं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या एका पत्त्यावर ढीगभर गिऱ्हाईकं बसवतात. चाळच ती! एका खोलीतल्या भानगडीसाठी अख्ख्या चाळीला कुलूप कोण लावणार?”

म्हणजे स्वतःच्या घरातून, स्वतःच्या नावाने काम करणारी मी संशयित, आणि अनोळखी गर्दीत घुसले की सभ्य! इकडे परदेशी नटीचा फोटो लावून ‘घरबसल्या रोज पाच हजार कमवा’ म्हणणारी बाई मला रोज सकाळी मेसेज पाठवते. तिची तक्रार केली, तर उत्तर येतं, ‘नियमभंग आढळला नाही.’ तिला कुणी मान वळवायला सांगत नाही. तक्रार करायला जिवंत माणसाचा फोन नंबर शोधावा, तर तो त्या ॲपवाल्यांनी कुठल्या पाताळात पुरलाय कुणास ठाऊक. मी माणूस असल्याचा पुरावा मागतात आणि पलीकडे स्वतः माणूस ठेवत नाहीत.

“आणि नुसता पत्ता बदलून भागत नाही हं,” मालक रंगात आले होते. “स्क्रीन, फॉन्ट, घड्याळाची वेळ, सगळं ताडून बघतात. त्याला वेगळा ब्राउझर. त्याचे वेगळे पैसे.”

फळीकडे बघून मी विचारलं, “एका माणसाला नऊच सिम ना? वर गेलं तर २०२३च्या कायद्यात पहिल्या खेपेलाच ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.”

“नियमातच आहे सगळं. नऊ माझी, नऊ हिची, नऊ सासऱ्यांची.”

“सासरेही याच धंद्यात?”

“छे, ते गेले. सिम चालू आहेत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्या नावावर किती?”

“दोन.”

“अरेरे, सात वाया चालली की!” त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं, पंखा पहिल्यांदाच माणसाकडे वळवला आणि खाली हाक मारली, “बाळ्या, मॅडमना चहा सांग! आधार आणलंय ना, मॅडम?”