रीमाताईंना नुसतं 'आई' म्हणून मोकळं होऊ नका

दरवर्षी २१ जूनला, वाढदिवस आला की, रीमा लागूंचा फोटो फिरतो आणि खाली ठरलेलं वाक्य, बॉलिवूडची लाडकी आई. यंदाही घरच्या ग्रुपवर मामेबहिणीने टाकलाच, मी पण मुकाट्याने हार्ट दिलं. पण मनात म्हटलं, आई काय आई! बाईने एवढं काय काय करून ठेवलंय आणि आपण एका शब्दात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

जरा हिशोब करा. जन्म १९५८ चा. 'मैंने प्यार किया', ज्यात त्या सलमानची आई झाल्या, तो आला १९८९ च्या अगदी शेवटी, म्हणजे रीमाताई ३१ वर्षांच्या आणि सलमान त्यांच्याहून जेमतेम साडेसात वर्षांनी लहान. 'वास्तव'मध्ये तर त्यांचा मुलगा झालेला संजय दत्त वर्षभराने लहान. वर्षभराने!! आमच्या वाडीत एवढ्या अंतराची माणसं एकमेकांना अरेतुरे करतात. हिरो पन्नाशीत पण कॉलेजात जातो आणि बाईने तिशी ओलांडली की हातात आरतीचं ताट. असो, त्यावर बोलायला बसले तर मासे करपतील.

माझ्यासाठी रीमाताई म्हणजे आधी 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी. १९९४-९५ ची गोष्ट, वेंगुर्ल्याजवळ आमचं गाव, घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि अँटेना बांबूला बांधून कौलांच्या वर. मालिका सुरू व्हायची वेळ झाली की भाऊ बाहेर बांबू धरून उभा, मी दारात, आजी आतून ओरडणार, "इला काय?" इला इला, हात काढू नको! अर्धा एपिसोड त्या बिचाऱ्याने नुसता ऐकलाय. कोकीचा नवरा केशव कुलकर्णी म्हणजे जतिन कनाकिया, शेजारच्या प्रेमा शालिनीच्या मागे, म्हणजे अर्चना पूरणसिंग, आणि तिचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी, तो कोकीच्या मागे. कल्पना तशी चावटच, नीट नाही जमली तर ओंगळ वाटेल अशी. ती सांभाळली कोकीने असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी तिघं धमाल करायचे पण घर चालतंय, कुकर लागलाय, पोराचा अभ्यास राहिलाय हे सगळं फक्त तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, म्हणून त्यांची धमाल खरी वाटायची. आजी तिला नावाने कधी ओळखायचीच नाही, "केशवाची बायल" म्हणायची, आणि कोकी चिडली की कौतुकाने, "हिका बघ, कशी पदर खोचता!"

'तू तू मैं मैं', ती सासूसुनेच्या भांडणांची मालिका, आम्ही उशिरा बघितली, दूरदर्शनचं मेट्रो चॅनल आमच्याकडे कुठलं दिसायला, ते मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांच्या तोंडून ऐकायचो. पुढे स्टार प्लसवर आली, आमच्याकडे केबल पण आली, आणि मग आजी आणि आई दोघी शेजारी बसून बघायच्या. दोन सख्ख्या सासूसुना! सुप्रिया पिळगांवकरने टोला हाणला की आई तोंडाला पदर लावणार, रीमाताईंनी परतवला की आजी मांडीवर थाप मारणार. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात कुणीच भांडत नव्हतं. नंतर टीव्हीवर सासवा आल्या त्या बघा, डोळ्यांत काजळ, मागे ढोल आणि तीन-तीन वेळा तोच चेहरा. रीमाताईंची सासू कजाग होती, खोटारडी होती, वेळ आली तर रडायचं नाटक पण करायची, पण तिचा राग नाही यायचा, कारण ती हरायला घाबरते हे त्या मधूनच एखाद्या नजरेत दाखवून जायच्या. विनोद करताना हे जमवणं सोपं नाही हो.

आणि हे सगळं आलं कुठून तर रंगभूमीवरून. आई मंदाकिनी भडभडे स्वतः नटी, रीमाताईंचं माहेरचं नाव नयन भडभडे. आमच्या आरवलीच्या जयवंत दळवींचं 'पुरुष', त्यात नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर अंबिका म्हणून त्या उभ्या राहिल्या, बलात्कारानंतर गप्प न बसणारी शिक्षिका. माझ्या काकांनी मुंबईत ते नाटक पाहिलेलं. कोकी बघून आम्ही हसत असलो की ते म्हणायचे, हसा हसा, हिला स्टेजवर बघितली असती तर घशाला कोरड पडली असती. तेव्हा पटायचं नाही.

पटलं ते 'वास्तव' बघून. कुठल्यातरी गणपतीला चाकरमान्यांनी व्हीसीडी आणलेली, आरती-भजन आटपून रात्री लावली, अख्खी वाडी पडवीत. पन्नास तोळ्याची चेन घेऊन पोरगा घरी येतो तिथे पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी आई त्याच पोराला गोळी घालते तेव्हा पडवीत चिडीचूप, फक्त पावसाचा आवाज. आजी उठली आणि कुणी न सांगता चहा ठेवायला गेली. मला विचाराल तर 'मैंने प्यार किया'मधल्या आईपेक्षा ही आई शंभर पटीने मोठी. ती माया करते, पण मायेने आंधळी होत नाही.

१८ मे २०१७. आम्ही आंबे पेटीत भरत होतो, आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती, व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली, हार्ट अटॅक. वय ५८, महिन्याभराने ५९ झालं असतं. 'नामकरण' मालिकेचं शूटिंग चालू होतं तेव्हा. आजी त्याच्या आधीच गेलेली. आई हात तसेच रसाने लाल घेऊन पायरीवर बसली, बराच वेळ काही बोलली नाही.

परवा तिला यूट्यूबवर 'तू तू मैं मैं' लावून दिली. पोट धरून हसली. मी म्हटलं, तुला सून आवडते की सासू? तर म्हणते, सासूच गो. थोडं थांबून म्हणाली, "तुझी आजी तशीच होती. फकत तिका कोण हसूक नाय."