माझ्याकडे पॅलेस थेटरचा एकही फोटो नाही

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे आमचं जुनं पॅलेस थेटर, जळतानाचे व्हिडिओ एकामागून एक येत होते आणि मी पुण्यात भाकऱ्या थापत होते. गॅस बंद केला आणि फोन घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी गायक नट केशवरावांची जयंती! त्या भरात स्टेटसला लावायला म्हणून नाट्यगृहाचा फोटो शोधायला लागले. अकरा हजार फोटो आहेत माझ्या फोनमध्ये. मांजराचे असतील तीनशे. नाट्यगृहाचा एकही नाही.

ज्या रंगमंचावर सहावीत मावळा झाले, अर्धी मिशी घामाने गळून पडली तरी संवाद पुरा केला, त्याचा एकही नाही.

शेवटी फोटो आले ते ऑफिसातल्या नागपूरच्या मैत्रिणीकडून. २०२२ च्या दिवाळीनंतर दोन दिवस ती आमच्या घरी राहून गेली होती. तिने चार पाठवले. दगडी दर्शनी भाग, नावाची पाटी, रिकाम्या खुर्च्या, आणि चौथ्यात मी. आत यायचा कंटाळा करून बाहेर कमानीपाशी खासबागेतली भेळ खात उभी.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. गाव आमचं, आणि बघितलं तिने.

तिला सगळं विचारायची खोड. खासबाग मैदानाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "हे असं वाटीसारखं कशाला बांधलंय?" मला काय माहीत! आमच्या घरात खासबाग म्हणजे आजोबा कुस्ती असेल त्या दिवशी दुपारीच जागा धरायला जायचे, एवढंच. मग तिनेच फोनवर वाचून दाखवलं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथे रोमचं कलोसियम पाहिलं, आणि १९१२ पर्यंत हे मैदान उभं केलं. मध्ये कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत जाणारा उतार, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवान दिसावा. शेजारचं पॅलेस थिएटर १९१५ चं. केशवरावांचं नाव त्याला पुढे लागलं, पण आमच्या आजीने शेवटपर्यंत 'पॅलेस थेटर'च म्हटलं.

खरी जिरवली ती बिंदू चौकात. तिथून मी दहा वर्षं शाळेत गेले-आले. रिक्षा, तुरुंगाची भिंत, मटणाची दुकानं, एवढाच माझा बिंदू चौक. ही बाई रिक्षातून उतरली, चप्पल काढली आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडून उभी राहिली. म्हणाली, "मला कोल्हापुरात हेच आधी बघायचं होतं." ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने फुले आणि आंबेडकरांचे पुतळे इथे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते! नागपूरच्या तिच्या घरात हे लहान पोरांनाही माहीत. आणि मी, 'जगात भारी कोल्हापुरी' असं गाडीवर लिहिणाऱ्या गावची, मान खाली घालून ऐकत होते.

(सूड म्हणून सांगते. मागच्या वर्षी नागपूरला गेले तेव्हा झिरो माईलच्या दगडावर कुठलं गाव किती मैल ते मी वाचत बसले, आणि ती म्हणाली, "अगं, हे मी कधी वाचलंच नाही.")

पण म्हणून पाहुण्यांनाच सगळं दिसतं, असंही नाही हं. अंबाबाईच्या रांगेत दोन तास गेलेला माणूस गरुड मंडपाचे खांब काय बघणार! दर्शन, मिसळ, पापाच्या तिकटीला चप्पल, रंकाळ्यावर सेल्फी, संध्याकाळी पन्हाळा. चुकतं कुणाचंच नाही. पण ९ नोव्हेंबरला किरणोत्सव सुरू झाला की गावाचा जीव कसा वर-खाली होतो, ते या फेरीत कसं कळणार? मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर यायला हवीत. ढग आले, हवेत धूळ असली, वाटेत कुठली इमारत आली की अडतात. मग दुसऱ्या दिवशी पेपरात 'किरणे गुडघ्यापर्यंत' अशी बातमी, आणि चहाच्या गाड्यावर लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात, "आज कुठवर आली?"

किंवा पूर. जुलै उजाडला की आमच्याकडे घड्याळापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जास्त विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. पंचगंगा घाटावरचं कुठलं देऊळ बुडालं यावरून आजोबा फूट सांगायचे. त्या घाटावर पाहुणे सूर्यास्ताचे फोटो काढतात, चांगले येतात.

रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट मात्र मैत्रिणीला आईने सांगितली. तो रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, रंकाळ्यात पोचला की जगबुडी. ती हिशोब करायला लागली, "गहू मोठा की तांदूळ?" आईला तो प्रश्न फारसा आवडला नाही. शिवाय आई "मी देवळात जाऊन आलो" म्हणाली तेव्हा ही गोंधळून माझ्याकडे बघायला लागली होती. आमच्याकडे बायका आलो-गेलोच म्हणतात, हे मी तिला सांगायचंच विसरले होते.

तर ते चार फोटो मी त्याच रात्री आईला पाठवले. तासाभराने फोन आला. मला वाटलं, माझ्या हातातल्या भेळेवरून काहीतरी बोलणार.

"तुझ्या पाठीमागं ती कमान दिसत्या बघ," आई म्हणाली. "लग्न ठरल्यावर तुझ्या बाबांची वाट बघत तिथं तासभर उभारलो होतो मी. दोन तिकिटं हातात. नाटकाचा पहिला अंक गेला तो गेलाच."