कळकलेली गाडी

बडोद्यात जुनी गाडी बघायला जाल तर किलोमीटर नंतर विचारा. आधी विचारा, ऑगस्ट २०२४च्या पुरात ही कुठे उभी होती?

आम्ही नाही विचारलं. गेल्या वर्षी पाडव्याला घेतली. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, ४१ हजार किलोमीटर, नवी कोरी सीट कव्हरं, नवं मॅटिंग, आणि आत मोगऱ्याचा असा उग्र वास की ह्यांना शिंकाच सुरू झाल्या. तिथेच शंका यायला हवी होती. एजंटाने ३ लाख ६० हजार सांगितले, ह्यांनी ३ लाख ४०वर आणले आणि वीस हजार कसे वाचवले ते आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. मी नारळ फोडला, कुंकू लावलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात मागच्या दाराची काच खाली गेली ती वर येईना. मोटर, ३,२००. जूनमध्ये एसीचा ब्लोअर, २,८००. मग साठच्या वर गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज. पुढची दोन्ही बेअरिंगं, ४,६००. दिवाळीच्या तोंडावर अल्टरनेटर, ९,५००. एअरबॅगचा दिवा तर मनाला येईल तेव्हा लागायचा. दर वेळी गॅरेजवाल्याचं एकच, "जूनी गाडी छे बेन, चाल्या करे."

शेवटी प्रतापनगरच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. मला वाटलं आता मशीन लावेल. त्याने ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. टोकाकडच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ! बेल्टाची गुंडाळी खांबाच्या तळाशी असते, तिथे धुवायला कोणी जात नाही. मग त्याने मॅटिंग उचललं. सीटचे रूळ गंजलेले, खालचा स्पंज कुबट. "बेन, आ गाडीए तो पाणी पीधुं छे."

विश्वामित्री नदी त्या पुरात २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती. मगरी लोकांच्या अंगणात आल्या, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. त्याच पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याने मला वायरिंगचे कनेक्टर उघडून दाखवले. कल्हई गेलेलं पितळेचं पातेलं कळकावं तशा आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. वायरिंगचा जुडगा उंबऱ्यालगत, मॅटिंगच्या खालून जातो. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स दोन्ही सीटांच्या मध्ये, जमिनीलगत. म्हणजे सीटपर्यंत पाणी आलं की हे सगळं आधी बुडणार. गाडी वाळवली की सुरू होते, चालतेही छान. पण कळक आतल्या आत वाढत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकेक पार्ट जातो. आपण पार्ट बदलत बसतो, रोग तिथेच. आमच्याकडे वायरिंग आणि कनेक्टरचे ११,००० आणि डॅशबोर्डखालच्या मॉड्यूलचे १८,५०० झाले. आधीच्या दुरुस्त्या धरून सगळे मिळून ४९,६००. वाचवलेले वीस हजार कुठे गेले ते ह्यांना विचारायची सोय नाही.

याच वर्षात क्लचप्लेटचे ८,५०० आणि बॅटरीचे ४,५०० पण गेले. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. रावपुऱ्याच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी चालवली की प्लेट जाणारच, खड्ड्यांनी बुश जाणारच. छोट्या जुन्या गाडीचे हे प्रामाणिक खर्च, धरूनच चालायचं. पुराचा खर्च चोरटा असतो.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? पुरावा आमच्या हातात होता. जुन्या पॉलिसीची प्रत एजंटाने स्वतः दिली होती आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य होता. ओळीने पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. सहा-सात वर्षांच्या गाडीला शून्य म्हणजे अलीकडे क्लेम झाला असेल अशी शंका यायलाच हवी, निदान का ते तरी विचारायचं. आम्ही फक्त पॉलिसी चालू आहे ना तेवढं पाहिलं. (तो बोनस तसाही गाडीचा नसून मालकाचा असतो, घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणून आपण त्या रकान्याकडे बघतच नाही.)

एजंटाला फोन केला तर म्हणतो, "तुम्ही विचारलंच नाही." उत्तर निर्लज्ज आहे, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरते. त्याच्या आत असलेल्या गाड्या धुऊन-पुसून, मोगरा फवारून बाजारात येतात. धुणारा-पुसणारा जास्त भावाने विकतो आणि घेणाऱ्याला घासाघीस जिंकल्याचा आनंद.

आता आम्ही गाडी विकायला काढली आहे. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय: २०२४च्या पुरात होती, वायरिंग नवीन, बिलं दाखवू. किंमत २ लाख ३० हजार. ह्यांचं म्हणणं, एवढं कोणी लिहितं का? त्यावरून दोन दिवस अबोला होता.

नऊ दिवसांत एकच फोन आला. त्याने विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं? म्हटलं, सीटपर्यंत.

"मग वीस हजार कमी करा."