गढूळ पाण्यातल्या लूरबद्दल खुलासा (चूक माझीच)

राजेहो, लूर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष नि बास हा एक मासा; तर "पाणी गढूळ असलं की पारदर्शक लूर लावा, बास वासावरच येतो" हा मेसेज फिरतोय ना, तो मूळ माझाच, आणि चुकीचा आहे. पारदर्शक, माशासारखे दिसणारे रंग नितळ पाण्यासाठी, गढूळात काळा किंवा भडक, कारण तिथं बासला आकार दिसतो नि अंगावरच्या पार्श्वरेषेनं पाण्यातली थरथर कळते, म्हणून गोल पात्याचा स्पिनरबेट (फिरतं पातं असलेला लूर) हळू ओढायचा. वास लागतो, पण फिरत्या लूरवर तो शेवटची गोष्ट.

शंका आली म्हणून पावसानंतर नागपूरच्या फुटाळा तलावाचं पाणी बादलीत आणून दोन्ही लूर सोडून पाहिले, पारदर्शक चार बोटांवर गायब, काळा मात्र वीतभर खाली गेला तरी दिसत होता. आता बादली म्हणजे बासचा डोळा नाही हे मान्य, पण त्याच्या डोळ्यात रंगाच्या दोनच प्रकारच्या पेशी असतात, लाल-हिरव्याच्या, बारीक छटांचा त्याला तसाही उपयोग नाही.

आणि बास मुळात उत्तर अमेरिकेचा, आपल्या इथं मरळच, तिला पोकळ रबरी बेडूक, नि झडप घातल्याबरोबर झटका नका मारू, वजन जाणवू द्या. जुना मेसेज डिलीट करा बाप्पा, पुढं पाठवू नका.